भूचुंबकीय वादळ: ‘वादळ’ म्हणावं का?

शब्दवेडी
मंडळी, शाळकरी मुलांसाठी अवकाशातल्या हवामानावरचा एक मजकूर मराठीत करतेय आणि ‘जिओमॅग्नेटिक स्टॉर्म’पाशी (सूर्याकडून येणाऱ्या कणांच्या लोंढ्याने पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र डळमळतं, ते) अडकलेय. ‘भूचुंबकीय वादळ’ सगळीकडे चालतं, मीही तेच लिहिलं होतं. पण १० मे २०२४ ला काय झालं ते ऐका. अक्षय्य तृतीया होती, मी माहेरी, अलिबागजवळ. मोबाइलवरची बातमी मोठ्याने वाचली: आज रात्री पृथ्वीवर तीव्र भूचुंबकीय वादळ धडकणार. आई जी उठली ती थेट गच्चीवर. आमसुलं, कुरडया, मिरगुंडं, सगळं चादरीसकट गुंडाळून खाली. वर मलाच, “वाचत काय बसलीस, दुसरं टोक धर!” २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात आमच्या पडवीचे पत्रे उडालेत, तिच्यापुढे ‘वादळ’ शब्द जपून काढावा लागतो. रात्री झाडाचं पान हललं नाही. तिकडे लडाखात हानलेला त्याच चुंबकीय वादळाने आकाश लाल झालं, इकडे आमसुलं चादरीत घामेजून बुरसली. तर दुसरा शब्द सुचवा. ‘विक्षोभ’ नको, सहावीतल्या पोराला पेलत नाही.

पंतोजी
आईंचं काही चुकलं नाही, शब्दच चुकलाय. ‘वादळ’ आणि हिंदीतला ‘बादल’ ही सख्खी भावंडं, दोन्ही ‘वार्दल’वरून आलेली. म्हणजे मुळात ढगाळ, पावसाळी दिवस. चुंबकाच्या भानगडीत ना ढग ना वारा. ‘चुंबकीय क्षोभ’ लिहा. पोरांना पेलत नाही म्हणून पातळ करत गेलो तर उद्या भाषेचं ताक होईल.

टांकसाळ
पंतोजी, पेल्यातलं वादळ उठतं तेव्हा पेल्यात ढग येतात का? विधानसभेत वादळ होतं, संसारात होतं, मग चुंबकानेच काय घोडं मारलंय? शब्द रूढ झालाय, राहू द्या. आणि शब्दवेडी, आमसुलांचं वाईट वाटलं.

राइनकाठ
इंग्रजीच्याही आधीची गोष्ट सांगतो. जर्मन शास्त्रज्ञ हम्बोल्ट १८०६ मध्ये बर्लिनला रात्र रात्र जागून चुंबकसुईची थरथर टिपत होता. या प्रकाराला त्याने जर्मनमध्ये नाव दिलं ‘माग्नेटिशेस उनगेविटर’. ‘उनगेविटर’ म्हणजे वाईट, नको असलेलं हवामान. माझ्या कानाला ते आपल्या ‘अवकाळी’च्या फार जवळचं वाटतं. ‘चुंबकी अवकाळी’ कसं वाटतं?

टांकसाळ
छान आहे. दुसऱ्या दिवशी तलाठी पंचनाम्याला येईल.

थळकर
माझे वडील अलिबागच्या वेधशाळेत होते, जिथे पृथ्वीचं चुंबकत्व मोजतात. आमच्याकडे कोणी ‘भूचुंबकीय वेधशाळा’ म्हणत नसे, ‘मॅग्नेटिक’ म्हणत. “मॅग्नेटिकच्या पुढे डावीकडे वळा.” उपकरणांची इमारत पोरबंदरी दगडाची, लोखंडाचं नाव नाही. मी लहानपणी एकदा आत गेलो तेव्हा बाबांनी चड्डीचा पट्टा बकलसकट दाराबाहेर काढून ठेवायला लावला होता. एका हाताने चड्डी सावरत मी ती उपकरणं बघितली. मुळात ही वेधशाळा मुंबईत कुलाब्याला. विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने चुंबकसुया बिघडणार, म्हणून १९०४ साली अलिबागला आली. २ सप्टेंबर १८५९ चं ते प्रसिद्ध कॅरिंग्टन चुंबकीय वादळ कुलाब्याच्या माणसांनी उपकरणं डोळ्यांनी वाचून वहीत उतरवलंय. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आडवा भाग सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी (हे चुंबकीय क्षेत्राचं माप) खाली आलेला. बऱ्याच ठिकाणी उपकरणाची रेघ कागदाबाहेर गेली, म्हणून जगभरचे अभ्यासक अजून ही वही उघडतात.
मुद्दा राहिला. बाबा ‘वादळ’ कधीच म्हणाले नाहीत. ‘आज दिवस शांत’ किंवा ‘आज दिवस बिघडलाय’, एवढंच. महिन्यातले सर्वात शांत आणि सर्वात बिघडलेले दिवस निवडायची पद्धत जगभर आहेच.

शब्दवेडी
‘बिघडलेला दिवस’ फार गोड आहे थळकरकाका! पण मथळ्यात घातलं तर पोरांना वाटेल गुरुजी रागावलेत.

पंतोजी
आणखी एक. ‘अवकाश हवामान’ यालाही माझा आक्षेप आहे. जिथे हवाच नाही तिथे हवामान कसलं? शिवाय ‘हवा’ अरबी.

राइनकाठ
हवा आहे हो पंतोजी, विरळ असली तरी आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये इंटरनेट पुरवणाऱ्या स्टारलिंकचे ४९ उपग्रह सोडले, सोडताना जेमतेम २१० किलोमीटरवर. लगेच एक साधंसंच चुंबकीय वादळ आलं. वरचं वातावरण तापलं, फुगलं, त्या उंचीवर हवा दाट झाली आणि तिच्या ओढीने चाळीसच्या आसपास उपग्रह वर चढायच्या आधीच खाली येऊन जळाले. हवेनेच पाडले. आणखी कोणतं हवामान हवंय तुम्हाला?

टांकसाळ
मला ‘अवकाश’ खटकतो. आजी म्हणायची, “भात व्हायला अजून अवकाश आहे.” अवकाशातलं हवामान म्हणजे सुट्टीतलं हवामान वाटतं.

पंतोजी
माझं उपग्रहांबाबतचं अज्ञान मान्य. पण शब्दांबाबतचं नाही. ‘चुंबकीय ध्रुव’ घ्या. ध्रुव म्हणजे अढळ, बाळाला तेच तर पद मिळालं. हा तुमचा उत्तर चुंबकीय ध्रुव कॅनडाकडून सैबेरियाकडे निघालाय, या शतकाच्या सुरुवातीला तर वर्षाला पन्नासेक किलोमीटर पळत होता. होकायंत्राला दिशा दाखवणारा जागतिक चुंबकीय नकाशा २०१९ मध्ये मुदतीआधी दुरुस्त करावा लागला. आणि म्हणायचं काय, ध्रुव!

टांकसाळ
हे मात्र पटलं. (पंतोजींचं पटायची ही पहिलीच वेळ, तारीख लिहून ठेवतो.)

थळकर
आमचा तांडेल म्हणायचा, “ध्रुव हलो नाहीतर राहो, होका बरोबर पायजे.” होकायंत्र नाही, नुसतं होका. तो बंदराची दिशा धरून हाक देतो, म्हणून होका.

राइनकाठ
हाकेचा संबंध नसावा काका. अरबीत ‘हुक्का’ म्हणजे डबी. सुई डबीत असते. अरब खलाशी त्या डबीला तसंच म्हणत. गुडगुडीचा हुक्काही त्याच डबीतून आला.

पंतोजी
म्हणजे होकायंत्रही अरबी? आता काय उरलं! ‘दिशादर्शक’ म्हणा.

थळकर
दर्यावर ‘दिशादर्शक आण रे’ म्हणून ओरडून दाखवा पंतोजी, तेवढ्यात होडी खडकावर. आणि हुक्का बिक्का नाही, हाकच.

शब्दवेडी
मंडळी, माझं वादळ राहिलंच. मजकूर उद्या सकाळी द्यायचाय.

राइनकाठ
काका, हाकेतून ‘होका’ यायचा तर मधला ‘ओ’ कुठून आला ते सांगा आधी.