पोट गोठवू की तापवू?

शाळेतल्या बाई
आर्वीपुढच्या एका खेड्यात जिल्हा परिषद शाळेवर आहे. वय ३८, उंची पाच फूट दोन, वजन ६४ किलो. दोन लेकरं, दोन्ही सिझर. हातपाय बारीक, पण बेंबीखाली लोळा सुटला आहे. परकराची नाडी नेमकी तिथंच रुतते. संध्याकाळी सोडली की लाल वळ. तुळशीच्या लग्नानंतर दिराचं लग्न आहे, म्हणून तान्ह्या पोळ्याच्या सुटीत नागपूरला दोन सेंटर पाहून आले.

पहिल्या सेंटरात फॅट फ्रीझिंग, म्हणजे चरबी गोठवणं. एक बैठक, फार तर दोन; एकीचे २२,०००. दुसऱ्यात आरएफ, म्हणजे रेडिओ लहरींनी तापवणं. आठवड्याला एक अशा ८ बैठका, एकीचे ३,५००. पहिल्या सेंटरवाले म्हणतात तापवून काही जात नाही, दुसऱ्यावाले म्हणतात गोठवलं की चामडी लोंबते. लायपोसक्शन नको, पोटावर तिसऱ्यांदा सुरी नको. कोणी केलं आहे का? आणि 'वावरात जा' असं सांगणाऱ्यांनी थांबावं, शाळा सुटल्यावर मी वावरातच असते.

सातबारा
बाई, राग नका मानू. २२,००० म्हणजे जवळपास तीन क्विंटल कापूस. तो येचाले बायाइचे किती दिस जाते हे तुमाले सांगाची गरज नाही. अन् तेवढा पैसा पोटावर बरफ ठेवाले? दिराच्या लग्नात लोकं नवरी पाहाले येतीन, तुमचं पोट नाही.

तर्रीपोहे
सातबारा भाऊ, त्यांनी भाव विचारला नाही, अनुभव विचारला आहे.

मी दोन वर्षांपूर्वी फ्रीझिंग केलं, नागपूरलाच. पोटावर जेलचं ओलं कापड लावतात आणि वर कप. तो मांस आत ओढून घेतो. पहिली दहा मिनिटं जीव जातो, मग काही कळतच नाही. मी मोबाईलवर सिरियल पाहत होते. कप काढला तर पोटावर फ्रीजमधून काढलेल्या लोण्यासारखा चौकोनी गोळा उभा! तो चोळून मऊ करतात, ती दोन मिनिटं सगळ्यात वाईट. तीन आठवडे तिथं बधीर होतं. फरक दिसला तो अडीच महिन्यांनी. नाडी रुतायची थांबली, पण काट्यावर एक किलोही उतरला नाही, हे आधीच सांगते.

मी म्हणेन गोठवा. आठ वेळा नागपूर म्हणजे आठ किरकोळ रजा. एसटीत बायांना अर्धं तिकीट असलं तरी दिवस पूर्णच जातो. आणि तुळशीच्या लग्नाआधी फरक हवा असेल तर बैठक या आठवड्यात व्हायला पाहिजे.

मशीनवाला
मी अशा सेंटरवर चार वर्षं काम केलं, आता सोडलं. आतली गोष्ट एवढीच की ज्यानं जे मशीन कर्ज काढून घेतलं, त्याला तेच सगळ्या पोटांसाठी चांगलं वाटतं.

गोठवण्यामागचं तत्त्व खरं आहे. बर्फाची कांडी चोखणाऱ्या लहान मुलांच्या गालातली चरबी आत बसते, वरची चामडी मात्र शाबूत राहते, हे डॉक्टरांनी पाहिलं होतं. त्यावरून हार्वर्डच्या मंडळींनी मशीन काढलं. अमेरिकेत त्याला २०१० मध्ये कमरेच्या बाजूंसाठी आणि २०१२ मध्ये पोटासाठी मंजुरी मिळाली. पेशी मरतात आणि शरीर दोन-तीन महिन्यांत त्या साफ करतं. त्या जागेचा थर साधारण २० ते २५ टक्के कमी होतो. म्हणजे चार बोटं जाड थराची तीन बोटं. बस, तेवढंच.

पण बाईंचं पोट दोन सिझरचं आहे. तिथं चामडी आधीच सैल. चरबी गेली की पिशवी आणखी रिकामी दिसते. दुसऱ्या सेंटरवाल्यांचं हे म्हणणं खोटं नाही. उष्णतेनं चामडी थोडी आवळते, म्हणून यांच्यासाठी मी तापवण्याकडं झुकेन. आरएफच हवं असं नाही, १०६० नॅनोमीटरचा लेझरही आहे. तो चरबी ४२ ते ४७ अंशांवर नेतो आणि बैठक २५ मिनिटांत संपते. मशीन खरं आहे की नकली, ते मात्र विचारा. नकली फ्रीझिंगच्या पॅडला तापमान ओळखणारा सेन्सर नसेल तर चामडी थंडीनंही जळते.

तर्रीपोहे
आरएफनं चामडी जळत नाही का? शेजारणीच्या पोटावर रुपयाएवढा डाग आहे. 'थोडी आवळते' यासाठी आठ फेऱ्या, २८,००० रुपये!

मशीनवाला
जळते. करणाऱ्याचा हात कच्चा असला की जळतेच. पण फ्रीझिंगचं एक दुखणं असं आहे जे सेंटरवाले स्वतःहून सांगत नाहीत. क्वचित एखाद्याची चरबी मरण्याऐवजी वाढते. काही महिन्यांनी पॅडच्याच आकाराचा कडक गोळा येतो आणि तो आपोआप जात नाही, बहुतेकदा लायपोच करावं लागतं. २०१४ मध्ये अशी पहिली नोंद छापून आली. लिंडा इव्हँजेलिस्टा या मॉडेलनं २०२१ मध्ये स्वतःबद्दल हे जाहीर सांगितलं. सुरी नको म्हणून गेलेल्या माणसाला शेवटी सुरीच.

खालची आळी
आमच्या तालुक्याच्या पार्लरमध्ये चरबी विरघळवायचं इंजेक्शन देऊन राहिले, पोटाला पण. एकदम स्वस्त. ते कसं?

पीएचसीतली सिस्टर
ते अजिबात नको. चरबी विरघळवणाऱ्या डीऑक्सिकोलिक ॲसिडला अमेरिकेत २०१५ मध्ये मंजुरी मिळाली ती हनुवटीखालच्या चरबीसाठी, आणि टोचायचं काम डॉक्टरचं. पार्लरच्या बाटलीत काय आहे, देव जाणे.

बाई, गोठवू की तापवू हा प्रश्न नंतरचा. आधी घरी पाहा. उभं राहून बेंबीखालचं मांस चिमटीत धरा. चिमटीत आलं ती चामडीखालची चरबी. ही सगळी मशीनं तेवढ्यावरच चालतात. मग सतरंजीवर उताणं झोपा, गुडघे मोडा, डोकं जरासं उचला आणि बेंबीच्या वर बोटं आडवी दाबा. मधे दोन किंवा जास्त बोटं जात असतील तर पोटाचे स्नायू फाकलेले असू शकतात. तो फुगारा चरबीचा नसतो, त्याला बर्फही नाही आणि लेझरही नाही. व्यायाम शिकावा लागतो. खोकल्यावर टाक्याजवळ काही वर येत असेल तर हर्निया आधी तपासा. हर्नियावर कप लावायचा नसतो.

आणि एक. तुमची सिकलसेलची, म्हणजे रक्ताच्या त्या वारशानं येणाऱ्या आजाराची, तपासणी झाली आहे का? आपल्या भागात हा आजार आहे, आणि थंडीनं सिकलचं दुखणं उठतं. थंडीनं रक्तात गुठळ्या होणारे काही दुर्मीळ आजारही असतात, त्यांनाही फ्रीझिंग चालत नाही. सेंटरवर यातलं काय विचारलं?

शाळेतल्या बाई
फक्त ईएमआय पाहिजे का, एवढं विचारलं.

सातबारा
पाहा! मी सांगून राहिलो होतो ना!

खालची आळी
तुमी फक्त कापूस सांगतला, भाऊ. वरातीत डीजेले चाळीस हजार देता तवा क्विंटल मोजत नाही कोणी. बाई नोकरी करतात, त्यांचा पैसा हाय. पोट त्यांचं, मन त्यांचं, दिराच्या लग्नाचं निमित्त कायले?

सातबारा
डीजे माह्यानं नाही लावला, पोट्ट्याइनं लावला.

शाळेतल्या बाई
सिस्टर, काल रात्री सगळे झोपल्यावर सतरंजीवर पाहिलं. अडीच बोटं गेली. चिमटीत आलं ते मला वाटत होतं त्याच्या निम्मं. दहा वर्षं चरबी समजून नाडी वर-खाली करून राहिले! शनिवारची शाळा सकाळची असते, दुपारी वर्ध्याला सर्जनकडं दाखवते. सिकलची तपासणी कॉलेजात झाली होती, कार्ड शोधते. नागपूरच्या पहिल्या सेंटरचा फोन आजच दोनदा आला, 'ऑफर उद्यापर्यंतच' म्हणे.

तर्रीपोहे
मला आला होता तेव्हाही उद्यापर्यंतच होती. तरी मी गोठवण्याच्याच बाजूची. सर्जननं हर्निया नाही म्हटलं आणि जे चिमटीत येतं तेवढंच नको असेल तर कळवा, माझं सेंटर सांगते.

मशीनवाला
आणि मी तापवण्याच्या.

सातबारा
सिस्टर, एक इचारू का? मी बी आता पाहून घेतलं. माह्यं पोट मोठं हाय, पण चिमटीतच येत नाही. मडक्यावानी टणक. हे चांगलं का वाईट?

पीएचसीतली सिस्टर
वाईट. ती चरबी आत, आतड्याभोवती असते. तिला कुठलंच मशीन पोचत नाही. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या वर नको. उद्या सकाळी चहा न घेता या, शुगर आणि बीपी पाहू.

सातबारा
चहा बी नाही?