मदत हवी आहे : दुसरा पल्वरायझर (मसाले दळण्याचे यंत्र) घ्यावा की मार्केटिंगवर खर्च करावा?

सर्वांना नमस्कार.

आम्ही वर्धा जिल्ह्यातील समुद्रपूर तालुक्यात हळद, मिरची आणि धने दळून पाकिटांतून विकण्याचा लहानसा व्यवसाय करतो. आमच्या भागातील वायगावच्या हळदीची ओळख विदर्भात करून द्यावी लागत नाही; तिला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही (ठरावीक भागातील मालाच्या नावाला मिळणारे कायदेशीर संरक्षण) मिळाले आहे. यंदा खर्च वजा जाता हाती सुमारे ६०,००० रुपये उरले असून त्यांचे काय करावे यावर घरात एकमत होत नाही. हळकुंडांची खरेदी आणि दळण माझे थोरले दीर पाहतात. दुसरा पल्वरायझर घ्यावा, कारण यंत्र डोळ्यांना दिसते आणि अडीअडचणीला विकताही येते, जाहिरातीत गेलेला पैसा मात्र पाण्यात गेला, असे त्यांचे ठाम मत आहे. हिशेबाची वही माझ्याकडे असते आणि ती निराळेच सांगते : दिवाळी व लग्नसराई सोडली तर आहे तोच पल्वरायझर अर्धा आठवडा बंद असतो.

मालाबद्दल तक्रार येत नाही, पण आमचे गिऱ्हाईक म्हणजे आठवडी बाजारात ओळखीने येणारी मंडळी आणि नागपूर-पुण्याला नोकरीस असलेले नातलग. मध्यंतरी हिंगणघाटच्या एका किराणा दुकानात पाकिटे ठेवली होती. आमचे पाकीट म्हणजे पारदर्शक पिशवी आणि त्यावर चिकटवलेला कागद, ज्यावरची तारीख ओल्या हाताने पुसली जाते. ते मोठ्या कंपन्यांच्या पाकिटांमागे गेले आणि जे पुढे उरले त्याचा रंग उन्हाने उतरला. ‘माल चांगला आहे, पण नाव घेऊन मागणारं कोणी नाही,’ असे सांगून दुकानदाराने सर्व परत केले.

मार्केटिंग हे धंदा मोठा झाल्यावर करायचे काम आहे की आमच्यासारख्यांनी ते आधीच करायला हवे? आणि करायचे तर या रकमेत सुरुवात कोठून करावी?

प्रतिसाद १

ताई, यंत्र अर्धा आठवडा बंद असेल तर दुसरे यंत्र घेऊन दोन्ही अर्ध्या आठवड्याहूनही जास्त वेळ बंद ठेवाल, एवढेच होईल. तुमच्याकडे कमतरता गिऱ्हाइकांची आहे, दळण्याच्या क्षमतेची नाही.

हळदीच्या धंद्यात याला आणखी एक बाजू आहे. काढणी, शिजवणे, वाळवणे आणि पॉलिश हे सर्व उन्हाळ्याच्या आत-बाहेर उरकते, त्यामुळे हळकुंडांत पैसा एकदम अडकतो आणि तो पाकिटागणिक वर्षभर सुटत राहतो. पावसाळ्यापर्यंत ठरलेले गिऱ्हाईक नसेल तर गरजेपोटी उरलेला माल घाऊक व्यापारी सांगेल त्या दराने द्यावा लागतो. म्हणजे मार्केटिंग न करण्याचाही खर्च असतो, फक्त तो वहीत त्या नावाने लिहिला जात नाही. तुमच्या दिरांना हा आकडा काढून दाखवा. जाहिरातीवरचे भाषण ऐकवण्यापेक्षा ते बरे.

प्रतिसाद २

आधी पाकीट सुधारा. प्रकाशाने हळदीचा रंग फिका पडतो, म्हणून पारदर्शक पिशवी सोडून अपारदर्शक पाऊच घ्या. त्यावर एफएसएसएआयचा (केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ अंकी क्रमांक, निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किंमत, उत्पादनाचा महिना व वर्ष, तुमचा पत्ता आणि तक्रारीसाठी दूरध्वनी क्रमांक ठळक छापा. हे कायद्याने लागतेच, शिवाय अनोळखी गिऱ्हाइकाचा विश्वास येथूनच सुरू होतो. मात्र ‘वायगाव हळद’ हे मानांकित नाव छापण्याआधी १९९९ च्या भौगोलिक मानांकन कायद्याखाली अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करून घ्या. आपल्या भागात पिकते एवढ्यावर ते नाव वापरता येत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

दुसरे काम फुकटात होते. बाजारात येणाऱ्या प्रत्येकाचे नाव, गाव आणि क्रमांक त्यांच्या संमतीने लिहून घ्या व व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवर वस्तूंची यादी दरांसह लावा. ब्रॉडकास्टचा, म्हणजे एकदम अनेकांना पाठवलेला, संदेश ज्यांनी तुमचा क्रमांक जतन केला आहे त्यांनाच पोचतो, म्हणून पाकीट देतानाच तो फोनमध्ये घालून द्यावा.

प्रतिसाद ३

जाहिरातीबाबत मी थोडा दिरांच्या बाजूने आहे. चौकात फलक लावणे किंवा फेसबुकवर सगळ्या महाराष्ट्राला जाहिरात दाखवणे तुम्हाला परवडणार नाही आणि त्याची गरजही नाही. यंत्र पुढे लागलेच तर पीएमएफएमई (प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग) योजनेत पात्र प्रकल्पाला ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपयांपर्यंत कर्जाशी जोडलेले अनुदान ठेवलेले आहे. सध्या अर्ज घेतात का, ते तालुका कृषी अधिकारी कार्यालयात विचारा. स्वतःची रोकड यंत्रात घालू नका.

धागाकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. घाऊक दराने द्याव्या लागलेल्या मालातील तूट काढून दिरांपुढे ठेवली. ते लगेच मान्य झाले असे नाही, पण यंत्राची खरेदी दिवाळीनंतर पाहू, असे म्हणाले. तोवर पाऊच व लेबल, पुढच्या बाजारापासून क्रमांकांची वही, आणि किराणा दुकानांत न खपल्यास परत करण्याच्या अटीवर थोडाच माल, असे ठरले आहे.

आता एकच विचारते. पाऊच छपाईसाठी नागपूरचे छापखाने एका वेळी बरीच मोठी संख्या मागतात. छोट्या संख्येत साधे रंगीत पाऊच घेऊन त्यावर पाणी लागले तरी न निघणारे लेबल लावणे कोणी केले आहे का, आणि ते लेबल हळदीच्या धुळीत नीट चिकटते का?