मदत हवी आहे: वारस फेरफारातून मुलींची नावे वगळली आहेत

वडिलांच्या निधनानंतर भावांनी वारस नोंदीच्या अर्जात आम्हा दोघी बहिणींची नावे घातलीच नाहीत आणि वडिलोपार्जित जमिनीच्या सातबाऱ्यावर आता केवळ आई व भावांची नावे आहेत. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला आहे, हे ठाऊक आहे. आम्ही हक्कसोडपत्रावर सही केलेली नाही आणि नोंदणीकृत वाटणीही झालेली नाही. मंडळ अधिकाऱ्यांकडे तक्रार दिली असता, फेरफार प्रमाणित झाल्याने प्रांताकडे (उपविभागीय अधिकाऱ्याकडे) अपील करा, असे सांगण्यात आले. 60 दिवसांची मुदत मात्र उलटली आहे. आईचे औषधपाणी आम्हीच पाहतो (तेव्हा मुली परक्या नसतात), त्यामुळे अपील आणि दिवाणी दावा अशा दोन्हीकडे वकील देणे परवडणारे नाही. नोटीसच मिळाली नव्हती, या कारणावर विलंब माफ होतो का, की थेट दिवाणी न्यायालयात वाटपाचा दावा लावून जमीन विक्रीला मनाई मागावी?