सी-१०४ वरून आलेली चलानची फाईल

कुलकर्णी काकू ए-३०२: पहाटे सी-१०४ च्या नंबरवरून 'आरटीओ चलान' एपीके (ॲप इन्स्टॉल करणारी फाईल) आली, अजून सोसायटीच्या ग्रुपवर तशीच आहे. ॲडमिन झोपलेत का?

निनाद बी-६०१: ॲडमिन, 'डिलीट फॉर एव्हरीवन' करा. चलान एपीकेमध्ये येत नाही, परिवहनच्या साइटवर गाडीचा नंबर टाकून बघायचं.

देशपांडे काका: ग्रुप 'ओन्ली ॲडमिन' करा. मागच्या मीटिंगलाही बोललो होतो.

शेख भाई: काका, चलान खरं असतं तर तुमच्याच गाडीचं निघालं असतं 😄

देशपांडे काका: पार्किंगचं वार्षिक सभेला बघू.

कुलकर्णी काकू ए-३०२: सी-१०४ ने ओटीपी सांगितला असेल.

निनाद बी-६०१: सांगावा लागत नाही काकू. इन्स्टॉल होताना ते एसएमएसची परवानगी मागतं, दिली की ओटीपी परस्पर तिकडे. सी-१०४ ने आधी वायफाय, डेटा बंद करून सिम काढावं. मग दुसऱ्या फोनवरून बँकेला सांगून यूपीआय, नेट बँकिंग, कार्ड ब्लॉक. त्या ॲपचा आयकॉन लपतो, म्हणून सेटिंग्जमधल्या ॲप्सच्या यादीत शोधा. अनइन्स्टॉल होत नसेल तर आधी त्याची 'डिव्हाइस ॲडमिन' परवानगी काढा. रीसेट सगळ्यात शेवटी, स्क्रीनशॉट घेऊन.

देशपांडे काका: म्हणूनच म्हणतो, ओन्ली ॲडमिन.

मेघना वकील डी-२०३: पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा. यूटीआर (व्यवहाराचा) नंबर, रक्कम, वेळ हाताशी ठेवा. पैसे एका खात्यातून दहा खात्यांत फुटतात, एटीएममधून निघाले की बँक रोखून काय धरणार? बँकेकडूनही तक्रार क्रमांक घ्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार चूक ग्राहकाची असली तरी कळवल्यानंतरचं नुकसान बँकेचं.

शेख भाई: पकडले जातात का पण?

मेघना वकील डी-२०३: आधी सापडतो तो खातं भाड्याने देणारा. आयटी कायदा ६६ड, ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड, वर फसवणुकीचं कलम. कॉलेजच्या पोरांना हे सांगा, कमिशनसाठी पासबुक-सिम देतात आणि 'मला माहीत नव्हतं' म्हणतात.

सचिव: फाईल काढली. सी-१०४ यांना रिमूव्ह केले आहे. कृपया शांतता राखावी.

कुलकर्णी काकू ए-३०२: रिमूव्ह?? त्यांना कोणी कळवलं का?

निनाद बी-६०१: व्हॉट्सॲपवर नको. इंटरकॉम करा.

शेख भाई: इंटरकॉम दिवाळीपासून बंद आहे, सचिव साहेब 🙏 मी खाली जाऊन बेल वाजवतो.