'चर्प्ड पल्स'ला मराठीत काय म्हणावं?

दुपारचा चहा: एका विज्ञान मासिकासाठी लेख मराठीत आणतेय. डॉना स्ट्रिकलंड आणि जेरार मूरू यांच्या २०१८च्या नोबेलवर अडलेय. त्यांची १९८५ची युक्ती अशी: अतिलघु लेसर पल्सची (क्षणभराच्या झोताची) ताकद थेट वाढवली तर ज्या माध्यमात वाढवायची तेच खराब होतं. म्हणून आधी तो काळात ताणायचा, मग त्याची ताकद वाढवायची, शेवटी पुन्हा आवळायचा. ताणलेल्या पल्समध्ये लाल रंग पुढे, जास्त वारंवारतेचा निळा मागे, म्हणजे वारंवारता चढत जाते. पाखराच्या शिळेसारखी, म्हणून 'चर्प्ड'. मी 'चिवचिवता स्पंद' लिहिलं. संपादकांनी समासात तीन प्रश्नचिन्हं काढून परत पाठवलं.

शब्दखोर: कूजित स्पंद. झालं.

फणसपोळी: वाचक 'कुजलेला' वाचेल!

शब्दखोर: ऱ्हस्वदीर्घ कळत नसेल तर तो शब्दाचा दोष नव्हे.

खर्ज: मींड! एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता जाणं. 'मींडदार स्पंद'. वारंवारता चढली तर आरोही, उतरली तर अवरोही. आमची आत्या गाणं शिकवताना पेटी मिटूनच ठेवायची, पेटीत मींड निघत नाही म्हणून.

लॅबवाला: पीएचडीची पाच वर्षं याच धंद्यात गेली. आम्ही सगळे 'पल्स स्ट्रेच झाला' म्हणायचो. ३० फेम्टोसेकंदांचा पल्स घ्या (फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा दशलक्षावा भाग): तेवढ्या वेळात प्रकाश जेमतेम ९ मायक्रॉन जातो, केसाच्या जाडीहून कमी. असा पल्स भिंगाने हवेतच एकवटला की निळसर ठिणगी दिसते आणि सेकंदाला दहादा टक-टक ऐकू येतं. तो प्लाझ्मा, म्हणजे अणूंतून इलेक्ट्रॉन सुटलेला वायू. चिवचिव कसली, पाल चुकचुकते तसं वाटतं.

शब्दखोर: प्लाझ्मा कशाला? आयनद्रायू. द्रव अधिक वायू, द्रायू.

फणसपोळी: रक्तपेढीत आयनद्रायू मागून बघा.

शब्दखोर: तिथे रक्तद्रव म्हणतात. इंग्रजीला दोन्हीकडे एकाच शब्दावर भागवावं लागतं, आपल्याकडे दोन आहेत.

बोरूबहाद्दर: गंमत म्हणजे 'फेम्टो' डॅनिश आहे. फेम्टेन म्हणजे पंधरा, दशांशानंतर पंधराव्या घरातला सेकंद. अट्टोचं तसंच, अट्टेन म्हणजे अठरा. डॅनिश चालतं, संस्कृत तेवढं बोचतं?

लॅबवाला: बोचत नाही हो, लॅबमध्ये कुणी बोलत नाही एवढंच. खरी गरज 'प्रीपल्स'ला आहे. मुख्य पल्सच्या आधी एक कमजोर पल्स निसटतो, नवरदेवाआधी वाजंत्री पोचावी तसा. तोच लक्ष्याचा पृष्ठभाग उडवून प्लाझ्मा करून ठेवतो. मग मुख्य पल्स घन धातूवर न पडता त्या ढगावर पडतो आणि सगळा प्रयोग बदलतो.

बोरूबहाद्दर: वाजंत्री-स्पंद!

खर्ज: माझी मींड कुणी वाचली का?

फणसपोळी: आधी हे ठरवा, तो पल्स की ती पल्स? डॉक्टर तर 'तुमची पल्स बघू' म्हणतात.

लॅबवाला: आम्ही मुलं 'तो' म्हणायचो. गाईड बाई 'ती'. त्या खोलीत असल्या की आम्हीही 'ती'.