मदत हवी आहे: अराकी सेकंड बेसवरून शॉर्टला का गेला?

नमस्कार मंडळी, नागोयात येऊन दीड वर्ष झालं. मी क्रिकेटवर वाढलेला माणूस, बेसबॉल शून्य कळायचं, पण ऑफिसात एक साठीचे गृहस्थ आहेत (तोंडावर सान, मनातल्या मनात काका) ते इथल्या बेसबॉल टीमचे, चुनिचि ड्रॅगन्सचे, एवढे भक्त की जेवणाच्या सुट्टीत दुसरा विषयच नाही, आणि आता मलाही नाद लागलाय.

काकांचा देव म्हणजे मासाहिरो अराकी. कुमामोतोचा पोरगा, १९९५ च्या ड्राफ्टमध्ये (टीम्स नवे खेळाडू निवडतात तो कार्यक्रम) ड्रॅगन्सना फुकुदोमे नावाचा दुसरा खेळाडू हवा होता, तो लॉटरीत हुकला म्हणून शेवटी हा घेतला. मग २०१८ पर्यंत एकच टीम, २०४५ हिट्स, २००७ ला लीगमध्ये सगळ्यात जास्त चोरलेले बेस (बॅटरने बॉल मारायची वाट न पाहता पुढच्या बेसवर पळणं). सेकंड बेसला अराकी आणि शॉर्टला (शॉर्टस्टॉप, म्हणजे सेकंड आणि थर्ड बेसच्या मधला फील्डर) इबाता, लोक दोघांना मिळून 'अराइबा' म्हणायचे. २००४ ते २००९ सलग सहा वर्षं दोघांनाही गोल्डन ग्लव्ह, म्हणजे फील्डिंगचं बक्षीस!

आता माझं डोकं इथे अडकतं. २०१० ला मॅनेजर ओचिआईने दोघांच्या जागाच बदलल्या, अराकी शॉर्टला, इबाता सेकंडला. का??? त्या सीझनला अराकीच्या नावावर २० एरर (फील्डिंगच्या चुका). चाललेली गाडी कोण खोलून बसतं? काकांना विचारलं की नुसते हसतात, आणि माझं जपानी अजून 'बिल द्या'च्या पुढे फार गेलेलं नाही. कुणी समजावेल का, या दोन जागांत एवढा फरक काय असतो?

प्रतिसाद १
फरक थ्रोचा. सेकंड बेसवाल्याला फर्स्ट बेस (बॅटरला आउट करायला बॉल तिथे फेकतात) जवळ, बॉल जरा हातातून सुटला तरी उचलून मारायला वेळ मिळतो. शॉर्टवरून तेच अंतर लांब, म्हणजे हात दमदार आणि नेमका लागतो. अराकीचे पाय सोन्याचे, थ्रो मात्र आधीपासूनच जरा डळमळीत. शिवाय डबल प्लेला (एकाच बॉलवर दोघांना आउट करताना) सेकंडवाला बरेचदा रनरकडे पाठ करून वळतो, शॉर्टवाल्याला सगळं समोर दिसतं, त्यामुळे वर्षानुवर्षांची पावलं एकदम उलटी टाकायची. ओचिआईचं म्हणणं साधारण असं होतं की दोघं सवयीने खेळायला लागलेत, पायाऐवजी डोळ्याने बॉलमागे जातात.

प्रतिसाद २
आणि टीम बुडाली नाही हं, २०१० आणि २०११ दोन्ही वर्षं सेंट्रल लीग (जपानच्या दोन लीगपैकी एक) जिंकली.

धागाकर्ता
वा, धन्यवाद दोघांना! पाठ करून वळण्याचं डोक्यातच आलं नव्हतं, आम्ही स्लिपमध्ये उभे राहणारे. अजून एक, रिटायर झाल्यावर अराकी २०१९ ते २०२३ ड्रॅगन्सचाच कोच होता, फील्डिंग आणि बेस रनिंगचा. इबाता तर २०२३ ला थेट जपानच्या टीमचा मॅनेजर झाला. तर ते २० एरर अराकी पोरांना शिकवताना कधी सांगायचा का? एखादी मुलाखत असेल तर लिंक टाका, जपानी असली तरी चालेल, काकांकडून वाचून घेईन.