पेशवेकालीन अंगरखा घरी शिवायचा आहे, सुरुवात कुठून करू?

शिवणवेडी

नमस्कार मंडळी. ब्लाउज, कुर्ते, मुलांचे कपडे मी घरच्या मशीनवर नेहमी शिवते. आता केवळ आवडीसाठी एक मोठं काम हाती घ्यायचंय: अठराव्या शतकाच्या अखेरचा, पेशवाईतला पुरुषी अंगरखा. माप नवऱ्याचं. छाती ९६ सेंटिमीटर, आणि छातीच्या खाली जिथे घेर जोडला जाईल तिथे ८४. नाटकासाठी किंवा फॅन्सी ड्रेससाठी नकोय. भाड्याने मिळतात तसा पाठीमागे वेल्क्रो लावलेला तर नकोच. उलटा करून बघितला तरी त्या काळचा वाटला पाहिजे.

माझ्याकडे कुर्त्याचा चांगला बसणारा पॅटर्न आहे. तो छातीपर्यंत घेऊन खाली घेर जोडला तर जमेल का? कापड कोणतं घ्यावं? छातीवरचा तो गोल आणि त्यामागचा पडदा कसा बसवतात, हे तर मला चित्रं बघून अजिबात उलगडत नाही. आणि मशीन वापरली तर चालेल का?

जुनी सुई

तुमचा प्रश्न वाचून फार आनंद झाला. आतली बाजू खरी हवी असं म्हणणारी माणसं कमी भेटतात.

कुर्त्याचा पॅटर्न मात्र कपाटात ठेवून द्या. त्यात उतरता खांदा आहे, गोलाई दिलेला मुंढा (बाही जोडायची जागा) आहे, आणि हे दोन्ही आलं की वर बांधायचे कितीही बंद (नाड्या) लावा, तो कुर्ताच राहतो. जुना अंगरखा आयत आणि तिरक्या कापांतून उभा राहतो. सूत हाताने कातलेलं, कापड हाताने विणलेलं. गोल कापून चिंध्या टाकून देणं कुणाला परवडणार? म्हणून मापाआधी कापडाचा पन्हा बघायचा आणि त्यातून तुकडे कसे निघतील ते ठरवायचं. हे एकदा मनात बसलं की बाकी सगळं आपोआप सुचत जातं.

घेरापासून सांगते, कारण खरी गंमत कळ्यांत, म्हणजे वर अरुंद आणि खाली रुंद अशा तुकड्यांत आहे. १०० सेंटिमीटर लांब आणि ४० रुंद असा आयत घ्या. वरच्या कडेवर डावीकडून १० सेंटिमीटरवर खूण, खालच्या कडेवर उजवीकडून १० वर खूण. दोन्ही खुणा जोडून तिरकं कापा. दोन सारख्या कळ्या मिळतात, प्रत्येकीचं एक टोक १० चं आणि दुसरं ३० चं. एक कळी फिरवून घेतली की दोघींची अरुंद टोकं वर येतात. चिंधीसुद्धा वाया जात नाही. दोन्ही बाजूंना एकेक सेंटिमीटर शिवणीत गेला तर एका कळीचे वर ८ आणि खाली २८ उरतात. तुम्हाला १४ कळ्या लागतील: वर ११२ सेंटिमीटर, म्हणजे ८४ चा घेर भागून एकावर एक यायला २८ शिल्लक, आणि खाली जवळजवळ चार मीटरचा घेर. ९० सेंटिमीटर पन्ह्यात असे दोन आयत शेजारी शेजारी बसतात. चार मीटर कापडात आठ आयत होतात, आपल्याला सात हवेत. आठवा पडद्याला ठेवा. कडेची १० सेंटिमीटरची पट्टी फेकू नका, बंद त्यातूनच निघतील.

कळ्या जोडताना एक नियम अजिबात मोडायचा नाही. प्रत्येक कळीला एक कड सरळ, उभ्या धाग्याची असते आणि एक तिरकी. सरळ कड शेजारणीच्या तिरक्या कडेलाच जोडायची. तिरकीला तिरकी जोडलीत तर ती शिवण ओढली जाऊन लोंबते आणि घेर एका जागी पोट काढतो. सगळं जोडून झालं की खालची दुमड लगेच घालू नका. एक-दोन दिवस टांगून ठेवा, तिरका धागा जितका उतरायचा तितका उतरू द्या, मग खाली समान कापून दुमडा. कापडावर बुट्टी असेल तर प्रत्येक जोडीतली एक कळी उलटी होते हे लक्षात असू द्या. पहिल्या अंगरख्याला साधं कापडच बरं.

आता काख. बाही आणि धड सरळ रेषेत जोडलेले, मुंढ्याला गोलाई नाही, मग हात वर कसा जाणार? काखेत चौकोनी तुकडा तिरका बसवून. तो चौबगला. दहा-बारा सेंटिमीटरचा चौकोन पुरतो. त्याच्या चारही कडा सरळ धाग्याच्या असतात, पण हात उचलला की ताण त्याच्या कर्णावर येतो, आणि कर्णावर कापड सैल सुटतं. एवढासा तुकडा, पण सगळ्या कपड्याची मोकळीक त्याच्यावर अवलंबून आहे. मला तर अंगरख्यात सगळ्यात लाडका तोच वाटतो. कोपरे मात्र अगदी जपून शिवा. कोपऱ्यावर सुई नेमकी शिवणरेषेच्या शेवटी थांबली पाहिजे, धागाभर पुढे नाही. बाही मनगटाकडे निमुळती आणि हातापेक्षा बरीच लांब ठेवा, म्हणजे मनगटाच्या वर चुण्या पडतात.

पडद्याचं कोडं दिसतं तेवढं अवघड नाही. वरच्या पुढच्या भागावर चंद्रकोरीसारखा गोल कापायचा आणि त्याच्या कडेला आतून मगजी, म्हणजे कड झाकणारी बारीक पट्टी लावायची. गोल कड ताणली जाते म्हणून मगजीची पट्टी तिरप्या कापडाची घ्या. पडदा हा आतला वेगळा तुकडा. तो एका बाजूला खांद्यापासून खालपर्यंत शिवलेला, दुसऱ्या बाजूला सुटा. घालताना आधी तो छातीवर ओढून आतल्या बंदाने बांधायचा, मग वरचा भाग त्याच्यावर आणून बाहेरचे बंद बांधायचे. गोलातून जे दिसतं तो हा पडदा. बटण कुठेही नाही.

कापड हातमागाचं, सुती. तलम मलमल मोहात पाडते, पण पहिल्या खेपेला जरा अंगाचं घ्या. दुकानात मलमल म्हणून मिळणाऱ्या पुष्कळ कापडात पॉलिएस्टर असतं, तेव्हा दोन धागे जाळून बघा: सुताला जळक्या कागदाचा वास येतो आणि राख मऊ पडते, पॉलिएस्टर वितळून कडक गोळी होते. कापण्याआधी कापड धुऊन त्याची खळ काढा.

आणि एकदम अंगरख्याला हात घालण्याआधी मांजरपाटाची (जाड्याभरड्या सुती कापडाची) बाराबंदी शिवा. ती आखूड, घेर नाही, पण एकावर एक येणारे पुढचे भाग आणि बंदांच्या सहा जोड्या त्यात आहेत. काखेतला चौबगलाही त्यातच घालून हात बसवून घ्या. सोलापुरात संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वजाबरोबर पांढऱ्या बाराबंद्या घातलेली माणसं चालतात. हा पोशाख तिथे अजून अंगावर आहे. जमलं तर तिथल्या एखाद्या शिंप्याशी बोला, ते पुस्तकापेक्षा जास्त सांगतील.

रंगमंचामागे

वरचं सगळं मान्य. फक्त मशीनबद्दल: कळ्यांच्या लांब शिवणी मशीनवर मारा आणि दिसणारं तेवढं हाताने करा. आम्ही नाटकाचे कपडे असेच शिवतो, दणकट होतात. १४ कळ्या हाताने जोडायला बसलात तर कंटाळून अर्ध्यावर सोडाल. आणि रंग घेताना राणी गुलाबी टाळा. असले भडक रंग पर्किनने १८५६ मध्ये पहिला कृत्रिम रंग शोधल्यानंतरचे आहेत.

जुनी सुई

नाटकाचा कपडा प्रयोगागणिक ओढला जातो, सारखा धुतला जातो, त्याला मशीन हवीच. इथे गरज वेगळी आहे. सिंगरचं पेटंट १८५१ चं, त्यामुळे पेशवाईतली प्रत्येक शिवण हाताची. आणि आतली बाजू खरी हवी, हीच तर यांची अट आहे. शिवाय तलम कापडावर मशीनची शिवण चुण्या धरते. हाताने बारीक धावदोरा घालायचा, दर दोन-तीन इंचांवर एक उलटा टाका, मग एक कड दुसरीवर दुमडून हेम टाक्याने चपटी बसवायची. अशी शिवण पिसासारखी हलकी राहते आणि घेर झुळझुळ पडतो. दोऱ्यावर आधी मेण फिरवा, गुंता होत नाही. वेळ लागतो हे खरं. पण छंदाला घाई कशाची?

गुलाबीबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. करडईच्या फुलांतून निघणारा कुसुंबी रंग चांगला झगझगीत गुलाबी होतो, आणि तो फार जुना आहे. पाण्याने आणि उन्हाने तो लवकर उतरतो, म्हणून जुन्या कपड्यांवर तो आता फिका दिसतो आणि आपल्याला वाटतं की त्या काळी सगळं मळकट होतं. टाळायचा तो कृत्रिम जांभळा. निळीचा निळा, मंजिष्ठेचा किंवा आलाचा लाल आणि पांढरा यांत कुठलाच धोका नाही. मी पांढराच सुचवीन.

शिवणवेडी

ताई, कळ्यांचं गणित कागदावर करून बघितलं, खरंच काही वाया जात नाही! हातानेच शिवते. अजून एक शंका: बंद डावीकडे की उजवीकडे? चित्रांत दोन्ही दिसतात.

जुनी सुई

मुघल काळातल्या जाम्याबद्दल, म्हणजे अंगरख्यासारख्याच बंदांनी बांधायच्या घेरदार झग्याबद्दल सांगतात की हिंदू डाव्या काखेखाली बांधत आणि मुसलमान उजव्या. तुम्ही घालणाऱ्याची डावी बाजू धरा. पण चित्र बघून ठरवणार असाल तर ते रंगवलेलं मूळ चित्र आहे की छापलेलं, ते आधी बघा. धातूच्या पत्र्यावर कोरून छापलेल्या चित्रात डावं-उजवं उलटं झालेलं असू शकतं. तलवार कुठल्या कमरेला लटकतेय ते पाहा. सगळ्यांच्याच उजव्या कमरेला दिसली तर चित्र उलटलंय असं समजा.

बघायला थॉमस डॅनियलचं दरबाराचं मोठं चित्र घ्या. इंग्रजांचा पुण्यातला वकील चार्ल्स मॅलेट १७९० मध्ये सवाई माधवरावांच्या दरबारात तह करतोय, तो प्रसंग. डॅनियलने ते १८०५ मध्ये विलायतेत रंगवलं, पण पुण्यात राहून गेलेल्या जेम्स वेल्सच्या रेखाटनांवरून. चित्र टेट संग्रहालयाकडे आहे आणि इंटरनेटवर मोठं करून बघता येतं. चेहरे सोडून काखा, बाह्यांच्या चुण्या आणि घेर पाहा. प्रत्यक्ष शिवणी बघायच्या तर पुण्याचं केळकर संग्रहालय आणि अहमदाबादचं कॅलिको संग्रहालय. कॅलिकोला आधी नोंदणी करावी लागते. काचेजवळ जाऊन आधी मगजी शोधा.

मांजरपाटाची बाराबंदी झाली की फोटो टाका. एक हात पूर्ण वर केलेला आणि एक उलटी करून आतल्या शिवणींचा. चौबगल्याचा कोपरा कुठे ओढतोय का, ते त्यावरून सांगता येईल.